धाकटीचं दार

मांजरीची जीभ कानशीसारखी असते. हाडाला चिकटलेलं मांस तीच खरवडते आणि पिल्लाचे न उघडलेले डोळेही तीच पुसते.

*

वेल्डिंगच्या काचेतून सूर्य हिरवा दिसतो.

*

"शेजारच्या काकू विचारत होत्या, पोरगी काय करते म्हणून. म्हटलं, जनावरांची डॉक्टर आहे. पुढचं नाही सांगितलं बाई मी." आई, फोनवर.

*

शुक्रपेशीला दोन शेपट्या फुटल्या म्हणून ती दुप्पट वेगानं पोहत नाही. जागच्या जागी गोल गोल फिरत राहते.

*

दोन पिंजऱ्यांमध्ये एक लोखंडी दार. रुळावर सरकणारं. बाहेरून हँडल, हँडलला कुलूप, कुलपाची किल्ली एकाच माणसाच्या खिशात.

*

चावा मानेवरच बसतो. जवळ घ्यायचं असलं तरी, जीव घ्यायचा असला तरी.

*

चाव्याचं आधी सांगायला हवं, कारण थोरली त्यानंच गेली.

थोरली आणि धाकटी या बहिणी. ढगाळ बिबट्याच्या माद्या. नावात बिबट्या असला तरी प्राणी तसा लहान: कुत्र्याएवढं अंग, अंगाएवढीच शेपटी, पाठीवर ढगांसारखे मोठे डाग, आणि तोंड उघडलं की त्या अंगाला न शोभणारे सुळे. जंगलात आता फार उरलेले नाहीत. या प्रजनन केंद्रात तीनच होते. दोन बहिणी आणि एक नर. नराला सगळे जावई म्हणत. तो दुसऱ्या केंद्रातून आला होता, आल्या दिवसापासून रुसलेला होता, आणि त्याला मांसाचा तुकडा आवडला नाही की तो पाठ फिरवून बसे.

या जातीची एक खोड आहे. नर-मादी लहानपणापासून एकत्र वाढली तर सुखानं नांदतात. मोठेपणी ओळख करून दिली तर नर कधी कधी मादीला मारून टाकतो. नेहमी नाही. पण 'नेहमी नाही' एवढ्या भरवशावर कुणी आपली लेक देईल का?

केंद्रानं दिली. दार उघडलं, थोरली आपणहून आत गेली, जावयानं तिचा वास घेतला, ती खाली बसली, त्यानं मान धरली. सगळ्यांना वाटलं, जमलं. केंद्राच्या साहेबांनी टाळीसुद्धा वाजवली, एकच, हळू. मग मान सोडायची वेळ आली आणि त्यानं सोडली नाही.

त्याला हटवायला पाण्याचा पाइप सोडेपर्यंत संपलं होतं.

*

डॉक्टरीण त्यानंतर आली. तिचं काम: नर न सोडता मादी गाभण करायची. गाईम्हशींत हे रोज होतं, हातात प्लास्टिकचा लांब मोजा चढवून, गप्पा मारत. ढगाळ बिबट्याच्या बाबतीत ते म्हणजे बंद घरात खिडकीच्या फटीतून हात घालून आतल्या खोलीतला दिवा लावणं.

पहिला प्रयत्न फसला. तोही कसा, तर काळजीपोटी.

मादी माजावर कधी येते हे कळावं म्हणून रोज सकाळी तिला अरुंद पिंजऱ्यात घ्यायचे आणि कापसाच्या बोळ्यानं आतला स्राव पुसून काचेवर घ्यायचे. नियमानं, हळुवार, एक दिवस न चुकवता. मांजराच्या कुळात नर येऊन गेल्याखेरीज बहुधा अंडं सुटत नाही. धाकटीच्या शरीरानं त्या कापसाच्या बोळ्यालाच नर समजून घेतलं. अंडी सुटली, वाट पाहून विरघळली, आणि हे सगळे नळ्या-दुर्बिणी घेऊन पोहोचले तेव्हा वरात दारात आणि मांडव मोडलेला.

"म्हणजे आपणच की हो ताई," पिंजऱ्यांचा राखणदार म्हणाला होता. तो खाणं टाकताना शिट्टी वाजवायचा म्हणून त्याचं नाव शिट्टीमामा. "आपणच तिचा नवरा झालो."

"आणि नवऱ्यासारखेच निरुपयोगी," डॉक्टरीण म्हणाली.

त्यानंतर बोळा बंद. धाकटीला कुणी हात लावायचा नाही. मामा रोज तिची विष्ठा डबीत भरून आणायचा आणि डॉक्टरीण त्यातून संप्रेरकांचा चढउतार वाचायची. आई फोनवर म्हणाली, "एवढं शिकून शेवटी शी तपासतेस?" ती म्हणाली, "आई, तू माझी किती वर्षं तपासलीस? तुला कुणी पदवी तरी दिली का?"

*

साहेबांच्या खोलीत टेबलावर काच होती आणि काचेखाली प्राण्यांचे फोटो, थोरलीचासुद्धा. भिंतीवर एक पडदा. त्यावर पिंजऱ्यांतली दृश्यं दिसायची, आवाज नसलेली. पडद्यावर धाकटी त्या लोखंडी दाराला गाल घासत होती. मग मान. मग पूर्ण कूस. वळून पुन्हा गाल.

"बघताय ना?" साहेब म्हणाले.

"बघतेय."

"तुमची लांबून दिलेली इंजेक्शनं लागू पडली. मानलं तुम्हाला. अंडी पिकली, ती माजावर आली. आता पुढचं काम जावयाला करू द्या. उद्या दहा वाजता पाहुणे येतायत. त्यांच्यासमोर दार उघडू."

डॉक्टरिणीनं आधी ऐकलं न ऐकलंसं केलं. मग म्हणाली, "दुसऱ्या इंजेक्शननं उद्या पहाटेपर्यंत अंडी सुटतील. सकाळी मी भूल देऊन दुर्बीण टाकणार आहे. हे ठरलंय. तुमच्या सहीनं ठरलंय."

"ठरलेलं बदलतंय. भूल द्यायची नाही. झिंगलेली मादी नरासमोर कशी सोडणार?"

"सोडायचीच नाहीये."

साहेब खुर्चीत मागे रेलले. ते वाईट नव्हते. थोरली गेल्यावर ते आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. "मॅडम, नीट ऐका. एक प्रयत्न फसला. तुमच्याकडे टाकीत त्या बाहेरच्या नराच्या वीर्याच्या कांड्या आहेत, किती वर्षं गोठलेल्या. वितळवल्यावर त्यातलं किती जिवंत निघतं?"

"थोडं."

"थोडं. आणि ही काही वर्षांनी म्हातारी होणार. तोही. मग आपल्याकडे दोन म्हातारी जनावरं आणि तुमचे शोधनिबंध उरतील. जंगलात कुणी चिमटे घेऊन उभं नसतं. जोखीम असते. थोरली तेव्हा पुरती माजावर नव्हती, आपली घाई झाली. ही आहे. मी म्हणत नाही, तीच म्हणतेय. बघा, दाराला अंग घासतेय. तिला विचारा."

डॉक्टरिणीनं पडद्याकडे पाहिलं नाही. काचेखालच्या फोटोकडे पाहिलं.

"थोरलीही घासत होती," ती म्हणाली.

साहेब खुर्चीत सरळ झाले.

"तुम्ही तेव्हा इथे नव्हता," साहेब म्हणाले.

"चित्रीकरण आहे ना. तुमच्याहून जास्त वेळा पाहिलंय मी. अशीच घासत होती. आधी गाल, मग मान."

"दार मी उघडणार, मॅडम. किल्ली माझ्याकडे आहे."

"आणि मी उघडू देणार नाही."

"कशी?"

हे तिलाही तेव्हा माहीत नव्हतं. पण 'बघू' म्हणून ती उठली नाही. "उघडू देणार नाही," पुन्हा तेच म्हणाली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि बाहेर आली.

*

"दादा, तुझं सामान गाडीत मावतं का?"

"कुठलं सामान?"

"वेल्डिंगचं."

"का, मांजरीला दात बसवायचेत?"

तिचा थोरला भाऊ. गावाच्या टोकाला त्याचं वेल्डिंगचं दुकान, खिडक्यांच्या जाळ्या, गेट, जिन्याचे कठडे. बहिणीच्या नोकरीची चेष्टा करणं हा त्याचा जोडधंदा.

"एक दार आहे. सरकतं. ते पुन्हा कधी सरकता कामा नये."

"तुझ्या साहेबाचं आहे ना ते?"

"केंद्राचं."

"म्हणजे त्याचंच. पोलीस येतील?"

"येतील कदाचित."

"कशासाठी बंद करतेस एवढं सांग. उगाच कुणाच्या भांडणात मी हात नाही काळे करणार. आधीच काळे आहेत."

तिनं सांगितलं. थोरलीचं, मानेचं, पाइपचं. मग पलीकडे त्याचा ग्राइंडर बंद झाल्याचा आवाज.

"म्हणजे नवरा मुलगा असा आहे, हे ठाऊक असून हे लोक दुसरी देतायत?"

"नवरा मुलगा वाईट नाही रे. तो एकटा वाढलाय. त्याला बायको म्हणजे काय हेच कुणी शिकवलं नाही. दोष त्याचा नाहीच."

"बरं, नसेल. मी किती वाजता येऊ?"

"उजाडता उजाडता. तिला मी टेबलावर घेतली की पिंजरा रिकामा होईल. तेवढ्या वेळात. ती आत असताना ठिणगी उडाली तर तुझा हात मोडीन."

"आणि पोरं कुणाची होणार मग?"

"बाहेरच्या नराची. गोठवलेलं आहे."

"म्हणजे लग्न मी मोडायचं आणि बिनलग्नाची पोरं तू काढायची," दादा म्हणाला. "आपल्या आईनं दोन रत्नं दिली बघ जगाला."

*

टेबल. डोक्याकडून खाली कललेलं, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि गर्भाशय मोकळं दिसतं.

धाकटी उताणी. जीभ बाजूला काढलेली, तिच्यावर ओला बोळा. घशात नळी. पोटावरचे केस काढलेले, आणि केसांखाली कातडीवरसुद्धा ढगच, फक्त फिकट.

भूल देणारी डॉक्टर ही डॉक्टरिणीची कॉलेजची मैत्रीण, दुसऱ्या शहरातून गाडी चालवत आलेली. तिला सगळं खरं सांगितलं होतं. ती फक्त म्हणाली होती, "परवानगी नाही ना? मग चहा तरी चांगला पाज." शिट्टीमामा धाकटीच्या छातीजवळ स्टुलावर, श्वास मोजत. त्यालाही सांगितलं होतं. "मामा, तुमची निवृत्ती जवळ आलीय. घरी थांबा," असं. तो म्हणाला, "थोरलीला दारापर्यंत मीच शिट्टी वाजवत नेली होती ताई," आणि हात धुवायला गेला.

पोटात वायू भरला. बारीक छिद्रातून दुर्बीण आत. पडद्यावर गुलाबी, ओलं, चमकणारं जग.

"डावीकडे," डॉक्टरीण स्वतःलाच म्हणाली. "आणखी. थांब. हे बघ."

बीजकोशावर लाल ठिपके. ताजे, नुकते फुटलेले.

"सुटलीत?" मैत्रिणीनं विचारलं.

"सुटलीत. या वेळी आपण वेळेवर आलो."

भूल आधी दिली असती तर अंडी सुटलीच नसती. उशिरा दिली असती तर विरून गेली असती. साहेबांच्या दहा वाजेपर्यंत थांबलं असतं तर…

नाही. थांबायचं नव्हतंच.

टाकीचं झाकण उघडलं, पांढरा धूर जमिनीवरून पसरला. कांडी चिमट्यानं उचलली, कोमट पाण्यात धरली, पुसली, टोक कापलं, एक थेंब काचेवर. सूक्ष्मदर्शकात बरेच मेलेले. काही जागच्या जागी थरथरणारे. आणि त्यांच्यामधून काही, मोजके, सरळ रेषेत चाललेले, जणू कुणी कधी त्यांना थांबवलंच नव्हतं.

"किती?" मैत्रीण.

"पुरतील."

"पुरतील म्हणजे?"

"म्हणजे मी त्यांना अर्ध्या वाटेवर सोडणार नाही. थेट दारात नेऊन ठेवणार." गर्भनलिकेत बारीक सुई, सुईतून तो थेंब. डावीकडे एकदा. उजवीकडे एकदा.

त्याच वेळी वास आला. जळक्या लोखंडाचा, भिंतीपलीकडून, हवेच्या झरोक्यातून. मग तो आवाज, कापड फाटल्यासारखा. थांबायचा, पुन्हा फाटायचा.

मामानं मान वर केली.

"श्वास मोजा मामा," डॉक्टरीण म्हणाली. "ते दादाचं काम आहे. आपण आपलं करू."

*

दहा वाजता साहेब आणि दोन पाहुणे पिंजऱ्यांच्या बोळात आले. जंतुनाशकाच्या वासात दुसराच वास मिसळला होता. साहेबांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, हँडल धरलं, ओढलं.

पुन्हा ओढलं.

दाराच्या कडेनं वरपासून खालपर्यंत चकचकीत नवी रेघ होती. रुळालाही. हँडलच्या दांड्यालाही. दादानं सांगितलेलं केलं होतं आणि न सांगितलेलंही.

"हे कुणी केलं?"

डॉक्टरीण बोळाच्या टोकाला उभी होती. अंगावर हिरवा कोट, कोटावर डाग, डोक्यावर टोपी तशीच. "मी."

"तुम्ही?"

"हात दुसऱ्याचे. डोकं माझं."

दादा तिच्या मागे जमिनीवर बसून केबल गुंडाळत होता. तो वर न बघता म्हणाला, "पक्कं बसलंय साहेब. ओढू नका, हात दुखेल."

"कापून काढीन मी हे," साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आजच्या आज."

"काढा की," डॉक्टरीण म्हणाली. "कापायला माणूस लागेल. तो विचारेल, कशासाठी. त्याला सांगा. पाहुण्यांनाही सांगा, थोरलीचं काय झालं ते. मी थांबते, तुम्ही सांगा."

एक पाहुणा दुसऱ्याकडे बघायला लागला.

"आणि कापलंत तरी उपयोग नाही. मी तिला भूल दिली. अंडी सुटली, वीर्य आत गेलं, ती आता माजातून उतरेल. माज उतरलेली मादी त्याच्यापुढे सोडली तर तो काय करेल हे मला तुम्ही शिकवलंत, काल, तुमच्या खोलीत. 'थोरली पुरती माजावर नव्हती' हे तुमचंच वाक्य आहे ना?"

साहेबांनी हँडल सोडलं. हातावर लोखंडाचा काळा डाग उमटला होता.

"एवढं होतं तर वेल्डिंग कशाला?" ते म्हणाले. "भूल दिलीत तेव्हाच मी हरलो होतो."

"आजपुरते हरला होतात. तिचा पुढचाही माज येईल. मी असेन-नसेन. दार असायला नको."

पाठीमागचा पाहुणा, गोंधळलेला, हळूच म्हणाला, "पण ते जनावर आहे कुठे?"

"झोपलंय," मामा म्हणाला. "आवाज करू नका."

*

चौकशी उभ्यानं झाली, कारण खुर्च्या तीनच होत्या आणि विचारणारेही तीन.

वरिष्ठांचा आदेश मोडलात? — मोडला.

केंद्राच्या मालमत्तेचं नुकसान केलंत? — एका दाराचं. हो.

बाहेरचा माणूस आत आणलात? — भाऊ आहे.

भाऊ असला तरी बाहेरचाच ना? — तुमच्याकडे असेल तसं.

प्रयोग फसला तर जबाबदारी कुणाची? — माझी. आणि फसला तर तो पुन्हा करता येतो. थोरली पुन्हा करता येत नाही.

तुम्हाला कसलाही पश्चात्ताप नाही?

ती खरंच विचार करत होती. "खालच्या बाजूला टाका जरा वाकडा गेलाय," ती म्हणाली. "दादानं घाई केली."

*

"गेली नोकरी?" आई.

"गेली."

"आणि ती? राहिलंय का तिला?"

"अजून कळत नाही."

"मग कळेपर्यंत उपाशी बसणार आहेस का? घरी ये. जेव." मग हळूच, "परवा एका लग्नात तुझी आत्या म्हणाली, दुसऱ्यांच्या कुशी भरत हिंडते, स्वतःचं काय. मी गप्प बसले."

"तू गप्प का बसलीस?"

"काय सांगायचं असतं?"

"सांग, तिला नकोय. अडचण नाही, दोष नाही, वेळ गेलेली नाही. नकोय. आणि धाकटीला हवंय, म्हणून ती धाकटीचं बघते."

"एवढं सगळं लग्नात सांगू?"

"जेवताना सांग. सगळे गप्प असतात."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी.

*

त्यानंतरचे दिवस डॉक्टरीण दादाच्या दुकानात बसायची. गिऱ्हाइकांना खिडक्यांची मापं लिहून द्यायची, चुकायची, दादा ओरडायचा. फोन वाजला की दोघं एकदम बघायचे. एकदा मामाचा फोन आला: ती जास्त खातेय. एकदा: उंच फळीवर चढत नाही. एकदा: मला सांगायची मनाई केलीय, म्हणून मी काही सांगत नाहीये, पण तिनं सगळं वाळकं गवत कोपऱ्यातल्या पेटीत ओढून नेलंय.

मग बराच काळ फोन नाही.

ती केंद्राच्या फाटकाशी गेली. आत सोडणार नव्हतेच, पहारेकऱ्यानं दोन्ही हात जोडले, "मॅडम, माझी अडचण समजून घ्या." ती म्हणाली, "समजते. मी बाहेरच उभी आहे. रस्ता सगळ्यांचा आहे." आणि उभी राहिली. ऊन डोक्यावर आलं, उतरायला लागलं. साहेबांची गाडी आत गेली, काच वर होती. मग साहेब चालत बाहेर आले.

दोघांमध्ये फाटकाचे गज.

"दोन झाली," साहेब म्हणाले. "एक मेलेलं."

"आणि दुसरं?"

"पितंय."

तिनं गज धरला. मग सोडला. त्यांच्यासमोर धरायचा नव्हता.

"तुम्हाला परत घेता येणार नाही," ते म्हणाले. "माझ्या हातात नाही ते. असतं तरी घेतलं नसतं."

"मी मागितलंय का?"

"मग इथे कशाला उभ्या आहात?"

"दार आहे ना तसंच?"

साहेब वळून निघाले. चार पावलांवर थांबले. पाठमोरेच म्हणाले, "आहे."

"राहू द्या," ती म्हणाली. विनंती नव्हती ती. "कापलंत, तर मी दुसरं काहीतरी शोधीन. टाकीत अजून कांड्या आहेत. त्या गोठलेल्या राहतील एवढा नायट्रोजन वेळेवर घाला. मी रोज येऊन विचारणार. रस्त्यावर उभी राहून, मोठ्यानं विचारणार. तुमच्या पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं."

पहारेकऱ्यानं तिला पाण्याची बाटली दिली. तिनं घेतली.

दुसऱ्या दिवशी ती आली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी साहेबांनी फाटकावर निरोप ठेवला होता: नायट्रोजन भरला.

ज्या नराच्या त्या कांड्या होत्या, तो कधीच पिंजऱ्यात राहिला नव्हता. हमरस्त्यावर ट्रकखाली आला होता, आणि त्याला टेबलावर ठेवलं तेव्हा अंग अजून गरम होतं.